मेलेल्या ताऱ्याचा मोहल्ला

मे महिन्याच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास नागपुरातल्या कुठल्याही गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून उभं राहा. बऱ्यापैकी उंचावर एक निळसर-पांढरा ठळक तारा दिसेल, ती चित्रा. आता हात लांब करून मूठ धरा. चित्रेपासून एका मुठीपेक्षा थोडं जास्त खाली उतरलात की वासुकी तारकासमूहातला एक मध्यम तेजाचा तारा लागतो. त्याच्या उजवीकडे बोटभर अंतरावर एनजीसी ४९९३ नावाची दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा अवाढव्य समूह, आहे. नुसत्या डोळ्यांनी तिथं काहीही दिसत नाही, पण जागा तीच.

दुसरी जागा सप्टेंबरच्या मध्यावर शोधायची, रात्री आठला, पाऊस उघडला असेल तर. पुन्हा दक्षिणच, पण या वेळी क्षितिजापासून जेमतेम दीड मूठ वर. वर्धा रोड, मिहान आणि बुटीबोरीच्या दिव्यांचा उजेड नेमका त्याच बाजूला असतो. त्यामुळे शहरातून तो पट्टा राखाडीच दिसतो. बुटीबोरीच्या पुढे गेलात तर जरा बरं. तिथं, दुर्बीण याच नावाच्या एका फिकट तारकासमूहात, ईएसओ १८४-जी८२ ही छोटी दीर्घिका आहे.

या दोन्ही दीर्घिका आपल्यापासून जवळजवळ सारख्याच लांब आहेत, १२ ते १३ कोटी प्रकाशवर्षं. सीताबर्डीची टेकडी ज्या लाव्ह्याची बनली तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला, तेव्हा त्यांच्याकडून निघालेला प्रकाश निम्म्या वाटेवर होता. दोन्हींमध्ये एकेक गॅमा किरण स्फोट झाला. एक १९९८ साली दिसला, दुसरा २०१७ साली. अंतर सारखं असलं तरी दोन दीर्घिकांचा स्वभाव मात्र पूर्ण उलटा आहे, आणि हा लेख त्या फरकाबद्दल आहे.

आधी स्फोटाबद्दल दोन शब्द. गॅमा किरण म्हणजे क्ष-किरणांपेक्षाही जास्त ऊर्जेचा प्रकाश. २ जुलै १९६७ रोजी अमेरिकेच्या वेला उपग्रहांना अवकाशातून आलेला असा एक झोत सापडला. ते उपग्रह खरं तर कुणी चोरून अणुचाचण्या करतंय का यावर नजर ठेवायला सोडले होते. हा प्रकार १९७३ मध्ये जाहीर झाला आणि पुढची जवळपास पाव शतकं हे स्फोट कुठं होतात यावर वाद चालला. आपल्याच आकाशगंगेत, की फार लांब? १९९७ मध्ये बेप्पोसॅक्स या इटालियन-डच उपग्रहामुळे स्फोटानंतर मागे रेंगाळणारी फिकी चमक सापडली, तिच्या जागी दीर्घिका दिसली, आणि वाद मिटला. स्फोट फार लांबचे होते. सूर्य आख्ख्या आयुष्यात देईल तेवढी ऊर्जा काही सेकंदांत, असा सगळा मामला.

स्फोटांचे ढोबळमानाने दोन प्रकार मानले गेले. दोन सेकंदांपेक्षा जास्त चालणारे लांब, त्याहून कमी चालणारे आखूड. लांब स्फोट म्हणजे प्रचंड वस्तुमानाचा तारा आतल्या आत कोसळतो, मध्ये कृष्णविवर तयार होतं आणि त्यातून दोन बाजूंना झोत फुटतात. आखूड म्हणजे दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे मेलेल्या जड ताऱ्यांचे घट्ट दाबलेले गाभे, एकमेकांभोवती फिरत फिरत शेवटी आदळतात. हे ऐकायला नीटनेटकं वाटतं. पुढे ते थोडं विस्कटणार आहे.

आता अडचण बघा. स्फोट काही सेकंदांत संपतो. मागची चमक काही दिवसांत, फार तर काही महिन्यांत विझते. तारा तर गेलेलाच असतो. चौकशी करायला उरतं काय? आपल्याकडे स्थळ आलं की मुलाचा फोटो बाजूला राहतो आणि कुणीतरी काका गुपचूप त्याच्या मोहल्ल्यात चक्कर मारून येतात: घर कसं आहे, शेजार कसा आहे, दुकानदार काय म्हणतो. खगोलशास्त्रज्ञांना इथं हेच करावं लागतं, कारण मुलगा भेटायची सोयच नाही. स्फोट जिथं झाला ती दीर्घिका, तिला यजमान दीर्घिका म्हणतात, आणि तिच्यातला नेमका कोपरा, एवढाच पुरावा हाती असतो.

मग जवळचीच स्थळं का? लांबची हजारो आहेत की! कारण साधं आहे. जमिनीवरच्या चांगल्या दुर्बिणीलाही वातावरणामुळे साधारण एका विकलेपेक्षा बारीक तपशील सहज दिसत नाही. अंशाचे ३,६०० भाग केले की त्यातला एक म्हणजे विकला. बहुतेक लांब स्फोट ज्या अंतरावर होतात तिथं एक विकला म्हणजे सुमारे २६ हजार प्रकाशवर्षं. म्हणजे छोटी दीर्घिका अख्खीच्या अख्खी एका ठिपक्यात मावते. ईएसओ १८४-जी८२ मध्ये मात्र एक विकला म्हणजे जेमतेम सहाशे प्रकाशवर्षं. तिथं तुम्ही वस्ती-वस्ती वेगळी पाहू शकता. नव्या उपकरणांमध्ये, उदाहरणार्थ चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीवरच्या म्यूज या उपकरणात, फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याचा स्वतंत्र वर्णपट मिळतो. एक फोटो काढला की हजारो वर्णपट हातात.

वर्णपट म्हणजे प्रकाशाचे रंग पसरून मांडणं. त्यात काय वाचतात ते एका रेघेवरून पाहू. नव्या, तापट ताऱ्यांभोवतीचा हायड्रोजन वायू ६५६.३ नॅनोमीटर या लाल रंगावर चमकतो. प्रयोगशाळेत हा आकडा पक्का. ईएसओ १८४-जी८२ च्या वर्णपटात हीच रेघ ६६१.९ वर सापडते, कारण दीर्घिका आपल्यापासून लांब जात आहे. सरक सुमारे ०.८५ टक्के. प्रकाशाच्या वेगाचे ०.८५ टक्के म्हणजे सेकंदाला अंदाजे २,५५० किलोमीटर. विश्वाच्या प्रसरणाचा वेग प्रत्येक मेगापार्सेकमागे (म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे) सेकंदाला ७० किलोमीटर धरला तर भागाकार ३६ मेगापार्सेक, म्हणजे जवळपास १२ कोटी प्रकाशवर्षं. वर दिलेलं अंतर असं निघालं; कागद-पेन्सिल पुरते.

त्याच रेघेची उंची मोजली की त्या कोपऱ्यात नवे तारे किती वेगानं जन्मताहेत ते कळतं, कारण हायड्रोजनला असं पेटवणारे जड तारे जास्त जगत नाहीत. काही दशलक्ष वर्षांत संपतात. रेघ झगमगीत असेल तर जन्म अगदी ताजे आहेत.

तिच्या शेजारीच, ६५८.४ वर, नायट्रोजनची एक रेघ असते. ही छोटी रेघ या विषयात फार कामाची आहे. खगोलशास्त्रात हायड्रोजन आणि हेलियम सोडून बाकी सगळ्याला सरसकट धातू म्हणतात, ऑक्सिजन-नायट्रोजनलाही (रसायनशास्त्राच्या सरांनी कृपया पुढे वाचावं). आपल्या आकाशगंगेसारख्या मोठ्या दीर्घिकेत नायट्रोजनची रेघ ठसठशीत दिसते. लहान, धातू कमी असलेल्या दीर्घिकेत ती हायड्रोजनच्या रेघेच्या पायथ्याशी शोधावी लागते. ऑक्सिजनची गंमत आणखी वेगळी. धातू कमी झाले की ऑक्सिजनची एक ठळक हिरवी रेघ बराच काळ उलट वाढत जाते, कारण धातू हे वायूला थंड करतात. ते कमी असले की वायू जास्त तापलेला राहतो. म्हणून एका रेघेवर विसंबून कुणी निकाल देत नाही, रेघांचे गुणोत्तर बघतात.

हे सगळं करण्याआधी एक गोष्ट पाळावी लागते: थांबणं. स्फोटाची चमक दीर्घिकेपेक्षा तेजस्वी असते, तिच्यामागून सुपरनोव्हा, म्हणजे फुटलेला तारा, उजळतो, आणि या झगमगाटात मोहल्ला दिसत नाही. वर्षभर थांबून सगळं विझल्यावर पुन्हा दुर्बिणीची वेळ मागायची. शिवाय, ही दीर्घिका खरंच यजमान आहे की योगायोगानं त्याच दिशेला आहे, याची शक्यता मोजायची. चमक दीर्घिकेच्या आत असेल तर प्रश्न नसतो. बाजूला असेल तर तिथं वाद घुसतो.

आता पहिलं स्थळ. २५ एप्रिल १९९८ च्या स्फोटाला जीआरबी ९८०४२५ म्हणतात. वर्ष, महिना, दिवस, एवढंच ते नाव. बेप्पोसॅक्सनं आकाशातला जो छोटा गोल दाखवला त्यात ईएसओ १८४-जी८२ च्या एका भुजेत त्याच सुमाराचा सुपरनोव्हा सापडला, १९९८बीडब्ल्यू. त्याचं द्रव्य प्रकाशाच्या दहाव्या हिश्शाच्या घरातल्या वेगानं उडत होतं. असा सुपरनोव्हा आणि असा स्फोट एकाच वेळी एकाच जागी, हा योगायोग म्हणायचा का? बऱ्याच जणांनी तसंच म्हटलं, कारण हा गॅमा स्फोट नेहमीच्या मानानं हजारो पटींनी मरतुकडा होता. मार्च २००३ मध्ये सिंह राशीत दोन अब्ज प्रकाशवर्षांहून लांब एक दणदणीत स्फोट झाला, जीआरबी ०३०३२९, आणि त्याच्या विझत्या चमकेतून तसाच सुपरनोव्हा वर आला. मग मात्र लांब स्फोट आणि कोसळणारा तारा यांचं नातं बहुतेकांनी मान्य केलं.

ईएसओ १८४-जी८२ चा मोहल्ला कसा आहे? छोटी, मध्ये दांडी असलेली सर्पिल दीर्घिका. निळी, म्हणजे तरुण ताऱ्यांनी भरलेली. स्फोट केंद्रात झालेला नाही, बाहेरच्या एका भुजेत झाला. त्या जागेपासून सुमारे २,६०० प्रकाशवर्षांवर दीर्घिकेतली सर्वात झगमगीत वस्ती आहे, जिथं वुल्फ-रायट जातीचे, बाहेरचं कवच उडवून टाकलेले जड तारे आहेत. २००६ साली एक कल्पना पुढे आली की फुटलेला तारा मूळचा त्या वस्तीतला. तिथल्या गर्दीतून बाहेर फेकला गेला आणि पळता पळता फुटला. मला ही कल्पना आवडली होती, सांगायलाही सोपी होती. पण पुढे बारकाईनं पाहिल्यावर स्फोटाच्या जागी स्वतःचीच लहानशी तरुण वस्ती आढळली, धातू कमी असलेली. तारा घरीच मेला असं म्हणायला आता जास्त जागा आहे.

या दीर्घिकेत एवढे नवे तारे अचानक का जन्मले, याचा दुवा महाराष्ट्रातून सापडला. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला, नारायणगावजवळ, जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. थंड हायड्रोजन वायू २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी सोडतो आणि जीएमआरटी त्या टिपते. ही दीर्घिका खोडदहून क्षितिजाच्या वर जास्तीत जास्त १८ अंशच चढते, तरीही तिचा वायू तिथं मोजला गेला. गॅमा स्फोटाच्या यजमान दीर्घिकेतून या लहरी प्रथमच पकडल्या गेल्या, ते काम जीएमआरटीचंच. २०१९ मध्ये मरियम अरबसालमानी आणि सहकाऱ्यांनी त्याचा नकाशा मांडला. दीर्घिकेत दाट वायूचं एक कडं आहे. ते कडं नव्या ताऱ्यांच्या वस्त्यांमधून आणि थेट स्फोटाच्या जागेवरून जातं. शेजारी, साधारण ४० हजार प्रकाशवर्षांवर, एक अगदी पिटुकली दीर्घिका सापडली आणि दोघींच्या मध्ये वायूचा पट्टा. म्हणजे टक्कर किंवा ओढाताण झाली, वायू दाबला गेला, जड ताऱ्यांची एक पिढी एकदम जन्मली आणि त्यातला एक फुटताना १९९८ साली आपल्याला दिसला. प्रकाशाच्या रेघांमधून तारे दिसले होते, पण ते का जन्मले हे वायूनं सांगितलं. या विषयात मला सगळ्यात समाधान देणारा निकाल कोणता विचाराल तर हाच.

लांब स्फोट अशाच जागी का व्हावेत? त्याचं उत्तर धातूंमध्ये शोधतात. जड ताऱ्याचा प्रकाश त्याच्या बाहेरच्या थरांतल्या धातूंना ढकलतो आणि वारा सुटतो. धातू जास्त तर वारा जोरात, आणि वारा जाताना ताऱ्याची गिरकीही घेऊन जातो. झोत फुटायला मात्र कोसळणारा गाभा गरागरा फिरत असावा लागतो. म्हणून धातू कमी असलेली, लहान, गजबजलेली दीर्घिका सोयीची. हबल दुर्बिणीच्या चित्रांवरून २००६ मध्ये असंही दिसलं की लांब स्फोट साध्या सुपरनोव्हांपेक्षा दीर्घिकेच्या सर्वात झगमगीत कोपऱ्यांना जास्त चिकटून असतात. आपल्या आकाशगंगेत धातू भरपूर, त्यामुळे इथं असा स्फोट होण्याची शक्यता बरीच कमी मानतात. कुणी घाबरवणारा व्हिडिओ पाठवला तर एवढं सांगायला हरकत नाही.

आता दुसरं स्थळ, चित्रेखालचं. १७ ऑगस्ट २०१७ रोजी लायगो आणि व्हर्गो या यंत्रांना गुरुत्वीय लहरी, म्हणजे जड वस्तू एकमेकांभोवती फिरताना अवकाशातच उठणारे तरंग, मिळाल्या, आणि १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाला आखूड गॅमा स्फोट. लहरींवरून आकाशातला सुमारे ३० चौरस अंशांचा तुकडा मिळाला. पूर्ण चंद्र मांडले तर दीडशेच्या आसपास मावतील एवढा. त्या तुकड्यातल्या, योग्य अंतरावरच्या दीर्घिका एकेक करून तपासल्या गेल्या, आणि सुमारे ११ तासांत चिलीतल्या स्वोप दुर्बिणीला एनजीसी ४९९३ मध्ये नवा ठिपका दिसला.

हा मोहल्ला पहिल्याच्या नेमका उलटा. भुजा नाहीत, निळेपणा नाही, नवे तारे जवळपास नाहीत. बहुतेक तारे अब्जावधी वर्षांचे म्हातारे. कोसळणारे जड तारे इथून केव्हाच संपले. म्हणूनच हा पत्ता न्यूट्रॉन ताऱ्यांच्या जोडीला शोभतो: दोन जड तारे फार पूर्वी मेले, त्यांचे गाभे एकमेकांभोवती फिरत राहिले, गुरुत्वीय लहरींमध्ये थोडी थोडी ऊर्जा गमावत जवळ आले आणि अब्जावधी वर्षांनी धडकले. एवढ्या काळात आजूबाजूची पिढी म्हातारी झाली. जन्माच्या वेळी सुपरनोव्हाचा धक्का बसला असेल तर जोडी लांबही भरकटते. एनजीसी ४९९३ मध्ये ती केंद्रापासून सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षांवर होती, म्हणजे घराच्या अंगणातच. ७ मार्च २०२३ च्या स्फोटात, जीआरबी २३०३०७ए मध्ये, यजमान मानली गेलेली दीर्घिका स्फोटाच्या जागेपासून तब्बल १ लाख २० हजार प्रकाशवर्षं दूर आहे.

हा २०२३ चा स्फोट अर्ध्या मिनिटाहून जास्त चालला होता. नियमानं लांब. तरी वेब या अवकाश दुर्बिणीला त्याच्या चमकेत टेल्युरियम या जड मूलद्रव्याच्या खुणा मिळाल्या, ज्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीशी जुळतात. ११ डिसेंबर २०२१ चा जीआरबी २११२११ए देखील तसाच: सुमारे ५० सेकंद चालला, एक अब्जाहून थोड्या जास्त प्रकाशवर्षांवर, आणि मागे सुपरनोव्हाऐवजी टकरीतून येणारी किलोनोव्हाची लालसर चमक. नैनितालजवळच्या देवस्थळ इथल्या ३.६ मीटर दुर्बिणीची निरीक्षणंही त्या कामात होती. दोन सेकंदांचा नियम इथं विस्कटला. घड्याळापेक्षा पत्ता जास्त विश्वासाचा ठरू लागला: दीर्घिकेबाहेर भटकलेला, नव्या ताऱ्यांपासून लांबचा स्फोट कितीही वेळ चालला तरी टक्कर असण्याचा संशय घ्यायचा.

पण पत्त्यालाही फार डोक्यावर घेऊ नये, कारण आपल्याला कोणते पत्ते मिळतात हेच एकतर्फी आहे. आधी जवळचे स्फोट घ्या. त्यातले बरेच मरतुकडे असतात, कारण मरतुकडे स्फोट लांबून दिसतच नाहीत. १९९८ चा मोहल्ला कितीही तपशिलात पाहिला, तरी नेहमीच्या दणदणीत स्फोटाचा मोहल्ला तसाच असेल याची हमी नाही. दुसरं म्हणजे धूळ. पूर्वी पत्ता सापडायचा तो दृश्य प्रकाशातल्या चमकेवरून. धुळीनं भरलेल्या मोठ्या दीर्घिकेत ती चमक धूळच गिळते, मग स्फोट दिसतो आणि पत्ता मिळत नाही. त्यामुळे बरीच वर्षं यादीत लहान, स्वच्छ दीर्घिकाच जास्त भरल्या. क्ष-किरण आणि अवरक्त प्रकाशातून हे लपलेले पत्ते शोधल्यावर त्यात मोठ्या, धातूंनी भरलेल्या दीर्घिकाही निघाल्या. लहान दीर्घिकांकडे कल आहे हे खरं, पण सुरुवातीला वाटला तेवढा कडक नाही.

आणि काही स्थळं सरळ गोंधळात टाकतात. ऑक्टोबर २०११ मधला जीआरबी १११००५ए फक्त १८ कोटी प्रकाशवर्षांवर. एवढ्या जवळ सुपरनोव्हा झाला असता तर लपून राहिला नसता, पण दिसलाच नाही. परिसरात धातू सूर्याहूनही जास्त. कोसळणाऱ्या ताऱ्याच्या गोष्टीत तो नीट बसत नाही. उलट ९ ऑक्टोबर २०२२ चा जीआरबी २२१००९ए, आजवरचा सर्वात तेजस्वी, त्याच्या दीर्घिकेत धातू फार कमी निघाले, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखे.

जवळचे आणखी स्फोट हवेत, आणि त्यांचा पत्ता लवकर हवा. टकरींच्या बाबतीत यातला एक हिस्सा नागपूरपासून फार लांब नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभं राहणार आहे, त्याला २०२३ मध्ये केंद्र सरकारची मंजुरी मिळाली. गुरुत्वीय लहरी टिपणारं एक यंत्र बाकीच्यांपासून इतक्या लांब असलं की लहरी पोहोचण्याच्या वेळांमधला फरक जास्त अचूक सांगतो की लहर कुठून आली, आणि आकाशातला तो तुकडा आक्रसतो. तुकडा लहान झाला की त्यात तपासायच्या दीर्घिकाही कमी. मात्र त्यासाठी जवळच्या दीर्घिकांची यादी, अंतरासकट, आधीच तयार पाहिजे. मोठ्या दीर्घिका तिच्यात बहुतेक आहेत. ईएसओ १८४-जी८२ च्या शेजारणीसारख्या पिटुकल्या दीर्घिका मात्र अजून मोठ्या संख्येनं नोंदवायच्या राहिल्या आहेत.